मोन्ते अल्बान: पाणी नसलेल्या डोंगरावर शहर का चढलं आणि मग खाली का उतरलं

तुम्ही विचारलंत की मेक्सिकोतल्या वाहाका शहराजवळचं मोन्ते अल्बान हे झापोटेकांचं जुनं शहर डोंगराच्या माथ्यावर का वसवलं, तिथे ना नदी ना झरा, आणि एवढं सगळं उभारून ते लोक शेवटी गेले कुठे, मायांसारखे गायब झाले का. कामानिमित्त तिकडे जाताय, एक दिवस मोकळा आहे आणि बघायच्या आधी नीट समजून घ्यायचंय असंही लिहिलंत, वाचून फार बरं वाटलं.

माझं काम खापरांचं. उत्खननात निघालेली फुटकी भांडी धुवायची, सुकवायची, एकेका तुकड्यावर नंबर टाकायचा, काठ वेगळे, बुडं वेगळी करायची आणि त्यावरून तो थर कुठल्या काळातला ते सांगायचं. वीस वर्षांच्या वर हेच करतोय. वाहाकाच्या खोऱ्यातली खापरं दोन सीझन बसून बघायला मिळाली आणि तेव्हापासून हे खोरं काही डोक्यातून जात नाही. त्यामुळे उत्तर लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

सगळ्यात आधी 'गायब' हा शब्द सोडून द्या. झापोटेक भाषा बोलणारे आज चार लाखांच्या वर लोक आहेत आणि त्या एका नावाखाली इतक्या बोली आहेत की या डोंगरातल्या माणसाला त्या डोंगरातल्याचं कळत नाही. मेक्सिकोचे गाजलेले राष्ट्राध्यक्ष बेनितो हुआरेझ, १८०६ सालचा जन्म, ग्वेलाताओ गावचे, ते झापोटेकच, लहानपणी त्यांना स्पॅनिश येतही नव्हतं. हे लोक स्वतःला बेन झा म्हणतात, म्हणजे ढगांची माणसं. झापोटेक हे नाव बाहेरच्यांनी दिलेलं, ॲझ्टेकांच्या नाहुआत्ल भाषेतलं, त्झापोत्ल म्हणजे सपोटे हे गोड फळ आणि ते जिथे पिकतं तिथली माणसं ती झापोटेक. आता हे फळ आपल्याला अनोळखी नाही बरं का, आपला चिकू त्याच घराण्यातला, स्पॅनिश लोक त्याला चिकोसापोते म्हणायचे, आपण त्यातलं पुढचं 'चिको' ठेवलं आणि मागचं 'सापोते' सोडून दिलं. जे आपण सोडलं तेच झापोटेकांच्या नावात बसलंय. डहाणू-घोलवडचा चिकू खाताना मला आता दरवेळी हे आठवतं.

आता जागा समजून घ्या, कारण अर्धं उत्तर जागेतच आहे. वाहाकाच्या खोऱ्याला तीन फाटे आहेत, वायव्येला एत्ला, पूर्वेला त्लाकोलुला आणि दक्षिणेला झिमात्लान-ओकोत्लानचा रुंद फाटा. तळ साधारण दीड हजार मीटर उंचीवर, पाऊस बेताचा आणि बेभरवशाचा. हे तीन फाटे जिथे मिळतात तिथेच मधोमध डोंगरांचा एक पुंजका उभा आहे, तळापासून ४०० मीटर वर. मोन्ते अल्बान त्यावर. वर उभं राहिलं की तिन्ही फाटे एकाच जागेवरून दिसतात, मान वळवायची फक्त.

शेती इथली फार जुनी. मित्ला गावाजवळ गिला नाकित्स नावाची एक छोटी गुहा आहे, तिथे लागवडीच्या भोपळ्याच्या बिया मिळाल्या त्या जवळजवळ १०,००० वर्षांपूर्वीच्या, आणि मक्याची बोटभर लांबीची कणसं सव्वासहा हजार वर्षांपूर्वीची. म्हणजे जगातला मका जिथे घडत गेला त्या मोजक्या जागांपैकी ही एक. पुढे गावं वसली, त्यातलं सगळ्यात मोठं एत्ला फाट्यातलं सान होसे मोगोते. मोन्ते अल्बानचा जन्म समजून घ्यायचा तर या गावाकडे बघावंच लागतं. केंट फ्लॅनरी आणि जॉयस मार्कस या दोघांनी तिथे वर्षानुवर्षं खोदकाम केलं.

इ.स.पू. ६०० च्या आसपास या गावातलं मुख्य देऊळ जाळलं गेलं. आग इतकी जबर होती की भिंतींचं मातीचं लिंपण भाजून काही ठिकाणी काचेसारखं झालंय. आणि तिथेच दोन इमारतींमधल्या बोळाच्या तोंडाशी एक कोरीव दगड मिळाला, त्यावर उताणा पडलेला नागडा माणूस, डोळे मिटलेले, छातीतून रक्त वाहतंय, आणि दोन पायांच्या मध्ये एक ठिपका आणि एक चिन्ह, '१ भूकंप'. झापोटेकांमध्ये माणसाचं नाव त्याच्या जन्मदिवसावरून पडायचं, २६० दिवसांच्या पंचांगातला एक आकडा आणि एक दिवसाचं नाव, तर '१ भूकंप' हे त्या मेलेल्या माणसाचं नाव. या दगडाच्या नेमक्या काळावर वाद आहे पण तो तिथे उंबऱ्यासारखा बसवलाय हे बहुतेकांना मान्य आहे, येणाऱ्या-जाणाऱ्याचा पाय त्यावर पडलाच पाहिजे असा. मेक्सिकोतल्या सगळ्यात जुन्या लिखाणांपैकी हे एक, आणि लिहिलंय काय तर मारलेल्या शत्रूचं नाव.

म्हणजे त्या काळात खोऱ्यात काय चाललं होतं ते दिसतं ना. तीन फाट्यात तीन बळकट गावं, तिघांच्या मध्ये जवळजवळ ८० चौरस किलोमीटरचा पट्टा ज्यात वस्ती नाहीच म्हणावी इतकी कमी, कोणी तिथे राहायला धजत नव्हतं. आणि मोन्ते अल्बानचा डोंगर नेमका त्या ओसाड पट्ट्यात. इ.स.पू. ५०० च्या सुमारास त्या रिकाम्या डोंगरावर अचानक वस्ती होते, दोन-तीन पिढ्यांत हजारो माणसं वर राहायला जातात, आणि त्याच वेळी खाली सान होसे मोगोते जवळजवळ रिकामं होतं.

का गेले यावर तीन मतं आहेत. रिचर्ड ब्लँटन यांनी १९७० च्या दशकात सगळा डोंगर पायी फिरून दोन हजारांहून जास्त पायरीवजा सपाट्यांचा नकाशा केला, त्यांचं म्हणणं होतं की तिन्ही फाट्यांनी मिळून मधली, कोणाचीच नसलेली जागा राजधानीसाठी निवडली. फ्लॅनरी आणि मार्कस म्हणतात की नाही, एत्ला फाट्यातले लोक संरक्षणासाठी वर गेले आणि मग बाकीच्यांना जिंकत सुटले. आर्थर जॉयस यांचा भर धर्मावर आहे, डोंगर पवित्र, तिथे नवा देवस्थानाचा मान उभा राहिला म्हणून माणसं आली. मला दुसरं मत जास्त पटतं आणि त्याला कारण आहे. तिघांनी मिळून राजधानी केली असती तर दक्षिण फाट्यातलं गावही थोडंफार रिकामं व्हायला हवं होतं, पण तिथलं तिल्काहेते उलट वाढत गेलं, एकदा जाळलं गेलं तर लोक शेजारच्या टेकडीवर सरकले, तिथे राजवाडा बांधला, मोन्ते अल्बानला काही बधले नाहीत, आणि इ.स.पू. पहिल्या शतकात ती टेकडीही जळाली, मग कायमची ओस. एल्सा रेडमंड आणि चार्ल्स स्पेन्सर यांनी हे सगळं खोदून काढलंय. याला तिघांचा समझोता कसा म्हणायचा? धर्माचं म्हणाल तर तो होताच, पण जाळलेल्या देवळाच्या शंभर वर्षांच्या आत माणूस डोंगरावर चढतो तेव्हा त्याला आधी जीव वाचवायचा असतो असं मला वाटतं.

पाण्याचं उत्तरही इथेच येतं. पाणी नव्हतंच पुरेसं, पावसाचं साठवत होते, चौकाखालून दगडी गटारं काढून वळवत होते, बाकीचं खालून आणत होते. गैरसोय मोठी होती आणि ती त्यांनी जाणूनबुजून पत्करली. राहायचं वर, पिकवायचं खाली. पायथ्याच्या सोसोकोत्लान गावाच्या बाजूला डोंगराच्या उतारावर त्यांनी एका ओढ्याला बांध घालून जवळजवळ २ किलोमीटर लांबीचा कालवा काढला होता आणि त्या कालव्याच्या आजूबाजूला वस्ती होती. उत्तर-पश्चिमेच्या सोप्या चढावावर ३ किलोमीटरच्या आसपास लांब तटबंदी घातली, जिथे चढ आधीच कठीण तिथे भिंत नाही. हे बघितलं की मनात शंका राहत नाही.

आता माझ्या विषयाकडे येतो, दोन भांडी सांगतो. पहिलं कोमाल, म्हणजे सरळसरळ आपला मातीचा तवा, मोठा, चपटा, खालची बाजू खरखरीत. खोऱ्यातल्या जुन्या गावांमध्ये हा सापडत नाही आणि मोन्ते अल्बान वसतं त्या काळात एकदम सगळीकडे दिसायला लागतो. आधी मका बहुतेक पातळ शिजवून किंवा वाफवून खात असावेत, तवा आला म्हणजे तोर्तिया आली, आणि तोर्तिया ही बांधून नेता येते. आपल्याकडे शेतावर भाकरी बांधून नेतात त्याला जो अर्थ आहे तोच. दिवसभर कामावर असलेली माणसं, दगड वाहणारी, दूरच्या शेतात जाणारी, त्यांना घरी येऊन जेवणं शक्य नाही, म्हणून त्या काळी तवा पसरला असं काही अभ्यासक मांडतात आणि मला ते एकदम पटतं. शहर बांधलं जातंय हे मला देवळापेक्षा तव्याच्या तुकड्यात जास्त दिसतं.

दुसरं भांडं जी-१२. नाव रुक्ष आहे पण खोऱ्यात काम केलेल्या कोणालाही झोपेतून उठवून विचारा, तो ओळखेल. करडा वाडगा, भिंती बाहेर कललेल्या, काठाच्या आत बोट फिरवलं की दोन समांतर रेघा लागतात, आणि आतल्या बुडावर कंगव्याने ओढल्यासारखी बारीक लाटांची नक्षी. तुकडा उन्हात तिरका धरला की लाटा उठून दिसतात. इ.स.पू. ३०० ते १०० च्या सुमाराचा हा वाडगा शेतातून चालताना पायाखाली मिळाला तर तिथे त्या काळी वस्ती होती हे न खोदता सांगता येतं. अशाच पद्धतीने एका सर्वेक्षणात खोऱ्याचे २,१५० चौरस किलोमीटर लोकांनी अक्षरशः पायी तुडवले, शेत शेत, बांध बांध, आणि त्यामुळेच आज आपण कुठल्या शतकात कुठे किती माणसं होती हे बोलू शकतो. अल्फोन्सो कासो, इग्नासिओ बेर्नाल आणि होर्हे अकोस्ता यांनी ही सगळी खापरांची वर्गवारी लावून १९६७ मध्ये छापली, आम्ही आजही त्यावरच उभे आहोत.

वर गेल्यावर सगळे आधी 'दान्सान्तेस' कडे जातात. दान्सान्तेस म्हणजे नर्तक. तीनशेच्या वर कोरीव दगड, प्रत्येकावर एक नागडी पुरुषाकृती, हातपाय वाकडेतिकडे. १८०६ मध्ये गियेर्मो दुपे यांनी हे दगड नोंदवले, नंतर कोणी त्यांना नाचणारे म्हटलं, कोणी पोहणारे, कोणी रोगी. पण जवळ जाऊन चेहरा बघा. डोळे मिटलेले, तोंड उघडं, ओठ लोंबलेले, आणि बऱ्याच जणांच्या जांघेत फुलासारखी वळणदार नक्षी, ती नक्षी म्हणजे कापलेल्या अवयवातून वाहणारं रक्त. काहींच्या डोक्याशी नावाची चिन्हं आहेत. सान होसे मोगोतेचा तो एक दगड आठवतोय ना, इथे तसे शेकडो एका भिंतीत बसवलेत, येणाऱ्याला दिसतील असे. मारलेले बंदिवान हा अर्थ बहुतेकांना मान्य आहे, हाविएर उर्सिद यांनी मात्र वेगळा अर्थ लावलाय, की हे योद्धे आहेत, वयाच्या क्रमाने मांडलेले, स्वतःचं रक्त देवाला देणारे. त्यांचं लिपीवरचं काम फार मोठं आहे म्हणून ते मत मी बाजूला टाकत नाही, पण ते मिटलेले डोळे बघितल्यावर माझं मन पहिल्या अर्थाकडेच जातं. नंतरच्या पिढ्यांनी यातले बरेच दगड उपटून पायऱ्यांत, कोपऱ्यांत वापरून टाकले. बांधणाऱ्यांच्या नातवंडांना त्या भिंतीची गरज उरली नव्हती.

चौकाच्या मध्ये दक्षिणेकडे 'जे' इमारत आहे, बाणाच्या टोकासारखा आकार, बाकी सगळं शहर उत्तर-दक्षिण आखलेलं आणि ही एकटी तिरकी. तिच्या भिंतीत चाळीसच्या वर दगड आहेत, प्रत्येकावर डोंगराचं चिन्ह म्हणजे 'गाव', वर त्या गावाचं नाव, आणि काहींवर खाली उलटं लटकवलेलं माणसाचं डोकं. कासो यांनी म्हटलं की ही जिंकलेल्या गावांची यादी. यावर अजून वाद चालतात, पण एक गाव कुइकात्लान असल्याचं ओळखलं गेलं आणि स्पेन्सर-रेडमंड तिथे जाऊन खोदायला लागले, तर कोयोतेरा नावाच्या जागी जुनं गाव त्याच काळात उजाड झालेलं, नवी वस्ती झापोटेक धाटणीची, आणि तिच्यासमोर कवट्या टांगायच्या चौकटीचे अवशेष, ६१ कवट्या. दगडावर एक लिहिलेलं आणि शंभरेक किलोमीटरवर जमिनीत दुसरं सापडतं आणि दोन्ही जुळतात, आमच्या कामात असे क्षण फार थोडे येतात.

चौक स्वतः ३०० मीटर लांब आहे. हा माथा नैसर्गिक सपाट नाही हे उभं राहिल्यावर लक्षात ठेवा, त्यांनी तो फोडून सपाट केला, लोखंड नाही, चाकाची गाडी नाही, बैल-घोडा नाही, सगळं माणसाच्या पाठीवर. जे कातळ फुटता फुटले नाहीत ते तसेच ठेवून त्यांच्यावरच देवळं चढवली, मधली इमारतींची रांग आणि दोन टोकांचे मोठे चौथरे यांच्या पोटात डोंगराचा मूळ खडक आहे. 'पी' इमारतीत एक उभी बारीक चिमणीसारखी पोकळी ठेवलीय, सूर्य बरोबर डोक्यावर येतो त्या दिवसांत, म्हणजे मेच्या पहिल्या आठवड्याच्या शेवटी आणि ऑगस्टच्या सुरुवातीला, भर दुपारी उजेडाचा झोत सरळ खाली पडतो.

इ.स. ५०० ते ७०० या काळात शहर सगळ्यात भरलेलं, २५,००० च्या आसपास माणसं. तेओतिहुआकान या उत्तरेकडच्या बलाढ्य शहराशी यांचे संबंध होते आणि ते बरोबरीचे दिसतात. तेओतिहुआकानात झापोटेकांचा एक वेगळा मोहल्लाच होता, तिथे ते पिढ्यानपिढ्या राहिले, आणि तिथल्या स्थानिक मातीतून आपल्या पद्धतीची करडी भांडी करत राहिले, मेलेल्यांना आपल्या पद्धतीने पुरत राहिले. तिकडून इकडेही पाहुणे आले, दक्षिण चौथऱ्याच्या कोपऱ्यांत बसवलेल्या दगडांच्या लपलेल्या कडांवर त्यांची नावांसकट चित्रं कोरलीत, म्हणजे एकदा दगड बसवल्यावर कोणाला दिसणार नाहीत अशी. त्या दगडांखाली दगडी पेट्यांत शिंपले आणि हिरव्या दगडाचे मणी ठेवलेले होते.

घरांबद्दल सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. झापोटेक माणूस आपले पूर्वज घरातच ठेवायचा. अंगणाच्या फरशीखाली थडगं, पायऱ्या उतरून जायचं, दारावर देवाच्या आकृतीचा मातीचा कलश, बऱ्याचदा पावसाचा आणि विजेचा देव कोसिहो, दुभंगलेल्या जिभेचा. थडगं एकदा बंद करून विसरायचं नाही, पुन्हा उघडायचं, पुढचा माणूस आत ठेवायचा, जुनी हाडं बाजूला करायची. त्लाकोलुला फाट्यात लाम्बित्येको इथे सहा नंबरच्या थडग्यावर चुन्यात घडवलेली पती-पत्नींची चित्रं आहेत आणि त्यातल्या पुरुषांच्या हातात मांडीचं हाड आहे. आत थडग्यात मोजदाद केली तर मांडीची हाडं कमी भरली. वडिलांचं, आजोबांचं हाड हातात धरून उभं राहणं म्हणजे या घराचा वारस मी आहे हे सांगणं. सातबारा म्हणा हवं तर. (कलश संग्रहालयांत बघताना एक लक्षात ठेवा, गेल्या शतकाच्या सुरुवातीला यांची नक्कल करून विकायचा मोठा धंदा चालला आणि चांगल्या चांगल्या संग्रहांत नकली कलश बसले, पुढे भाजलेल्या मातीचं वय काढायच्या तंत्राने ते पकडले गेले.)

सात नंबरचं थडगं तर सगळ्यांनी ऐकलेलं असतं. कासो यांनी १९३१ मध्ये काम सुरू केलं आणि पहिल्याच सीझनमध्ये, ९ जानेवारी १९३२ ला, ते उघडलं. थडगं जुनं झापोटेक, पण शहर ओस पडल्यावर काही शतकांनी शेजारच्या मिश्तेक लोकांनी ते उघडून आपली माणसं आणि आपली दौलत आत ठेवली. सोनं, मोती, पेरोजाच्या तुकड्यांनी मढवलेली खरी कवटी, स्फटिक, आणि माझ्या मते सगळ्यात सुंदर म्हणजे बारीक कोरीव काम केलेली हाडं. त्या हाडांकडे पुढे शॅरिस आणि जेफ्री मॅककॅफर्टी यांनी पुन्हा बघितलं आणि म्हटलं की यातली बरीचशी विणकामाची हत्यारं आहेत, चात्या आहेत, तेव्हा मुख्य सांगाडा राजाचाच कशावरून, मानाच्या स्त्रीचाही असू शकतो. हे सगळं आता वाहाका शहरात सान्तो दोमिंगोच्या मठातल्या संग्रहालयात आहे, तिथे दोन तास तरी द्या.

आता शेवटाकडे. इ.स. ८०० च्या आसपास चौकात नवं बांधकाम थांबतं, सपाट्यांवरची घरं रिकामी होत जातात. नेमकं कधी हे सांगणं अवघड पडतं आणि त्याला कारण पुन्हा खापरं. शहराच्या भरभराटीची भांडी आणि उतरणीची भांडी इतकी सारखी आहेत, तेच राखाडी, घाईने केलेले, जाडेभरडे वाडगे, की दोन काळ वेगळे करता करता आमच्या लोकांची आयुष्यं गेली आणि सर्वेक्षणात शेवटी ते दोन्ही काळ जोडूनच मोजावे लागले. पण माणसं मेली नाहीत, ती खाली उतरली. त्लाकोलुलात, दक्षिण फाट्यात, हालिएसात मोठमोठी गावं फुगली.

का उतरली? तेओतिहुआकान त्याआधीच ढासळलं होतं, म्हणजे ज्याच्या धाकाने एकत्र राहावं असा मोठा शेजारी उरला नव्हता. आणि याच काळात दगडांवर एक नवी गोष्ट दिसते. आता मारलेले शत्रू नाहीत, जिंकलेली गावं नाहीत, छोटे दगड, घरात किंवा थडग्यात लावण्याजोगे, त्यावर नवरा-बायको समोरासमोर बसलेले, दोघांची नावं, वर त्यांचे आईवडील, त्यांच्याही वर आकाशातून उतरणारा पूर्वज. वंशावळी. सोयरिकी. प्रत्येक गावाचा सरदार आता लग्नं जुळवून सत्ता बांधतोय, आणि ते करायला त्याला पाणी नसलेल्या डोंगरावर राहायची गरज काय? जमीन खाली, पाणी खाली, सोयरे खाली. तेराशे वर्षं जी गैरसोय सोसली तिचं कारण संपलं आणि लोक घरी गेले, मी तरी हे असंच वाचतो. दुष्काळाची मतं आहेत, जंगलतोडीची आहेत, असेल त्यातलंही काही, पण शहर एका रात्रीत पडलं नाही आणि खोरं कधीच रिकामं झालं नाही.

पुढची कथा थोडक्यात. झाचिला राजधानी झाली, मित्ला धर्माचं ठिकाण, तिथल्या भिंतींवरची दगडाच्या छोट्या छोट्या तुकड्यांची जाळीदार नक्षी बघायला वेळ मिळाला तर नक्की जा, देवळाच्या चौकातच स्पॅनिशांनी चर्च उभं केलंय. ॲझ्टेकांशी झाचिलाचा राजा कोसिहोएसा गियेंगोलाच्या डोंगरी शहरातून लढला आणि तह झाला तेव्हा ॲझ्टेक राजकन्येशी लग्न करून मोकळा झाला, पुन्हा सोयरीकच. त्या गियेंगोलाचं अलीकडे हवेतून लेझरने सर्वेक्षण झालं, ३६० हेक्टर पसारा आणि ११०० च्या वर इमारती निघाल्या. स्पॅनिश आल्यावरही पंचांग गेलं नाही, १७०४-०५ मध्ये, म्हणजे विजयाला पावणेदोनशे वर्षं उलटल्यावर, बिशपने डोंगरातल्या गावांना दमदाटी करून लपवलेल्या पोथ्या जमा करायला लावल्या तर शंभराच्या वर निघाल्या, २६० दिवसांच्या त्याच जुन्या पंचांगाच्या, झापोटेक भाषेत पण रोमन अक्षरात लिहिलेल्या. '१ भूकंप' ज्या मोजणीतून आला तीच मोजणी, दोन हजार वर्षांहून जास्त जुनी.

तुमचा एक दिवस असा वापरा. सकाळी उघडतं तेव्हाच वर पोचा, उन्हाला आडोसा नाही, टोपी आणि पाणी न्या, पाणी वर तेव्हाही नव्हतं. आधी उत्तर चौथऱ्यावर चढा आणि तीन फाटे डोळ्यांनी ओळखा, मग खाली चौकात उतरून दान्सान्तेस, मग 'जे' इमारत. दुपारी आत्सोम्पाला जा. तो शेजारचाच डोंगर, याच शहराचा एक भाग, २०१२ पासून लोकांना बघायला उघडलाय, गर्दी कमी असते. तिथे वाहाकातलं सगळ्यात लांब चेंडूचं मैदान आहे, ४५ मीटरचं, पण मी तुम्हाला पाठवतोय ते एका घराच्या मागे असलेल्या कुंभारभट्टीसाठी. हजारापेक्षा जास्त वर्षांपूर्वीची, गोल, खाली जाळ वर भांडी अशा रचनेची.

ती बघून झाली की डोंगर उतरून खालच्या सान्ता मारिया आत्सोम्पा गावात या, हिरव्या चकाकीच्या भांड्यांसाठी हे गाव प्रसिद्ध आहे. मी गेलो तेव्हा एका अंगणात एक आजी भट्टी लावत होत्या. वरच्या भट्टीसारखीच. भांडी उपडी रचून झाली होती आणि आता वरून झाकण म्हणून त्या फुटक्या भांड्यांचे मोठाले तुकडे एकावर एक पसरत होत्या. माझा हात सवयीने त्या ढिगाकडे गेला, एक काठाचा तुकडा उचलून मी आतून बोट फिरवून बघायला लागलो. आजींनी क्षणभर बघितलं, हसल्या, तुकडा माझ्या हातातून हळूच काढून घेतला आणि जिथून धूर निसटत होता तिथे नेमका बसवला.